तबकडी गाजली, गवंडी उपाशी



डेट्रॉइट हे अमेरिकेतील मोटार कारखान्यांचे शहर. तेथे मेक्सिकोहून आलेल्या कामगाराच्या घरी १९४२ साली सिक्स्टो रॉड्रिग्ज जन्मला. श्रोत्यांकडे पाठ करून गाणारा हा विक्षिप्त गायक गिटारवर गरीब वस्तीचे हाल मांडी. १९७० साली त्याची पहिली तबकडी ‘कोल्ड फॅक्ट’ निघाली. अमेरिकेत ती खपली नाही. मग तो घरे पाडण्याच्या, दुरुस्तीच्या मजुरीला लागला. तरी शिक्षण सोडले नाही; १९८१ साली तत्त्वज्ञानाची पदवी घेतली.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीला विटलेल्या गोऱ्या तरुणांनी तीच तबकडी डोक्यावर घेतली. गायक मेला, अशी अफवाही पसरली. त्याला ना कीर्तीची खबर, ना विक्रीचा पैसा! अखेर चाहत्यांनी शोधून काढले. १९९८ साली तो तेथे हजारोंसमोर गायला. २०१२ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, त्याला ऑस्कर मिळाले. २०२३ साली तो वारला.

गाणे सापडले, पण ऐन उमेदीतला मोबदला बुडाला तो बुडालाच.

आपल्या गायन पार्ट्यांच्या जुन्या कॅसेटी घरात असतील, तर त्यांवर कवीचे व गायकाचे नाव आजच लिहा. कष्टकऱ्याचे गाणे बेवारस होऊ देऊ नका.