पुस्तकांच्या संगतीत : एका शब्दाचा संशय

रहस्यकथांचे वेड आपल्या घरांना नवे नाही. एका पिढीने इब्ने सफींच्या फरीदी-हमीदसाठी रात्री जागवल्या, मराठी शाळेत शिकलेल्यांनी बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार वाचला. अशा वाचकांनी आता एकदा स्वीडनची वाट धरावी. हेनिंग मँकेल यांची ‘फेसलेस किलर्स’ ही कादंबरी मूळ स्वीडिशमध्ये १९९१ साली आली. पुढच्याच वर्षी नॉर्डिक देशांतील उत्तम गुन्हेकथेसाठी ‘ग्लास की’ पुरस्कार सुरू झाला आणि त्याचा पहिला मान तिलाच मिळाला. इंग्रजी अनुवाद सोपा आहे, कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना अडणार नाही.

जानेवारी १९९०. दक्षिण स्वीडनमधले लेनार्प नावाचे अगदी लहान खेडे आणि हाडे गोठवणारी थंडी. पहाटे जाग आलेल्या एका म्हाताऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते, कारण शेजारची घोडी रोजच्यासारखी खिंकाळलेली नाही. जाऊन पाहतो तर शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याचा निर्घृण खून झालेला, आणि त्याची बायको गळ्यात फास घेऊन शेवटच्या घटका मोजते आहे. ती इस्पितळात जीव सोडते. जाण्यापूर्वी तिच्या तोंडून एक शब्द निघतो, ‘परदेशी’. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे त्या रात्री कुणीतरी घोडीला चारा घातलेला आहे. तपास करणाऱ्या कर्ट वॉलंडरच्या डोक्यातून तो चारा काही जात नाही.

आसपास निर्वासितांच्या छावण्या आहेत. म्हणून वॉलंडर आणि त्याचा अनुभवी सहकारी रिडबर्ग तो शब्द बाहेर जाऊ न देण्याचे ठरवतात. तरी तो फुटतो. टीव्हीवर बातमी येते, धमकीचे फोन सुरू होतात, छावणीला आग लावली जाते आणि मग रस्त्याने चाललेल्या एका सोमाली निर्वासिताला गोळी घातली जाते. त्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नसतो. बातमी कानावर आली तर आधी तिची खातरजमा करा, ही सूरह हुजुरातमधली ताकीद मला ही पाने वाचताना राहून राहून आठवत होती. भाड्याचे घर शोधताना फोनवर नाव सांगताच समोरचा आवाज बदलतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना इस्टाडची ही गोष्ट दूरची वाटणार नाही.

मँकेल यांनी बराच काळ आफ्रिकेत, मोझांबिकमध्ये काढला. तिकडून परतल्यावर मायदेशात परक्यांविषयीचा द्वेष वाढलेला दिसला, त्यातून ही कादंबरी सुचली. २०१० साली गाझासाठी मदत घेऊन निघालेल्या जहाजांच्या ताफ्यात ते स्वतः होते आणि इस्रायलने त्यांना पकडून परत पाठवले.

मात्र अशा लेखकाने आपल्या नायकाला संत केलेले नाही, आणि मला पुस्तक आवडले ते त्यामुळेच. निर्वासितांविषयीची अढी वॉलंडरच्याही मनात आहे. मारेकरी छावणीतच सापडले तर बरे, असे त्याला वाटून जाते. मुलीचा मित्र केनियाचा आहे हे पचवतानाही त्याची धांदल होते. तरीही सोमाली माणसाच्या खुन्यांचा माग तो तितक्याच चिकाटीने काढतो. बायको सोडून गेलेली, जेवणाचा पत्ता नाही, झोप नाही. आणि वडील! जन्मभर एकच देखावा रंगवत आलेले. फरक एवढाच की एखाद्या चित्रात रानपक्षी असतो, एखाद्यात नसतो. हे वडील हळूहळू भ्रमिष्ट होत रात्रीच्या कपड्यांत शेतात भरकटतात. ज्यांच्या घरी अब्बा किंवा दादी असे हरवत चालले आहेत, त्यांना ती पाने खुनाच्या पानांपेक्षा जड जातील.

खुनी कोण हे सांगत नाही. पण ‘परदेशी’ या शब्दाचे आपल्या सोयीचे उत्तर मिळेल या आशेने पुस्तक उघडू नका. मँकेल ते देत नाहीत, आणि मिटवल्यावर बराच वेळ मी त्याच विचारात होते.

सुरुवातीचे प्रकरण रक्ताळलेले आहे. वॉलंडरचे दारू पिणे आणि एका प्रसंगी बाईशी वागणे खटकते. शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये, आणि कॉलेजच्या मुलांना देण्याआधी मोठ्यांनी स्वतः वाचावे. वॉलंडरची मालिका इथूनच सुरू होते, तेव्हा पुढची पुस्तके आधी हाती लागली तरी थांबा, पहिले हेच घ्या.