पाठ असणे म्हणजे काय?

"सर, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना नातवंडांनी पाढे कशाला पाठ करायचे?" असं मला हल्ली बरेच जण विचारतात. विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी असतात आणि त्यांना स्वतःला तीसपर्यंतचे पाढे अजून येतात, ही त्यातली गंमत! पण प्रश्न टाकाऊ नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळं मुखोद्गत असे. मला त्यातलं निम्मंच येतं आणि औटकीवाचून (साडेतीनचा पाढा हो!) माझं काही अडलं नाही. तेव्हा जुनं सगळं पाठ हवंच, असा माझा हट्ट नाही.

मेंदू मुळातच काटकसरी. बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना 40 फुटकळ माहितीची वाक्यं संगणकावर टाइप करायला दिली. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, अशा थाटाची. काहींना सांगितलं, हे जपून ठेवलं जाईल. काहींना सांगितलं, पुसलं जाईल. जपलं जाणार असं ज्यांना वाटलं, त्यांच्या लक्षात कमी राहिलं. यात मेंदूचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घरातली आजी सगळ्या तिथी लक्षात ठेवायची, म्हणून बाकीचे निर्धास्त असायचे, त्यातलाच हा प्रकार.

मग पाढ्यांचा आग्रह कशासाठी? कारण पाढा ही नुसती साठवलेली माहिती नाही, ते हत्यार आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात. जॉर्ज मिलर यांनी 1956 साली त्या सुमारे सात म्हटल्या होत्या, पुढच्या संशोधकांनी तर चारवरच आणून ठेवल्या. आता तीन अष्टमांश अधिक पाच द्वादशांश हे गणित घ्या. आठ आणि बारा दोघांच्याही पाढ्यात 24 येतात, हे ज्याला आपोआप दिसतं, त्याचं लक्ष पुढच्या पायरीवर असतं. ज्याला दिसत नाही, तो आठाचा पाढा शोधण्यातच दमतो आणि मूळ गणित काय होतं तेच विसरतो. अशा मुलांना आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो. मी वर्गात हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्या मुलाची बुद्धी कमी नसते, हात रिकामे नसतात.

दुसरी गोष्ट अंदाजाची. परवा भाजीवाल्याकडे कांदे 36 रुपये किलो होते. अडीच किलो घेतले. गल्ल्यावरच्या पोराने मोबाइलवर हिशेब केला आणि म्हणाला, "काका, नऊशे." मी हसलो, तर त्याने आधी मोबाइलकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे! शून्य बोटाने जास्त पडलं होतं, पण ते ओळखायला डोक्यात नव्वदच्या आसपासचं काहीतरी आधीच असावं लागतं. आता तर यंत्रं निबंधही लिहून देतात. त्यातला खोटेपणा कळायला विषयाचं थोडं तरी ज्ञान स्वतःचं नको का?

लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना आजही चॅरिंग क्रॉसभोवतालच्या सहा मैलांतले सुमारे 25,000 रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. एलेनॉर मॅग्वायर यांनी 2000 साली दाखवलं, की त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असते. ती जन्मतःच तशी असेल, ही शंका कोणालाही येईल. म्हणून पुढे त्यांनी उमेदवारांनाच काही वर्षं तपासलं. 2011 साली निकाल आला, की परीक्षा पास झालेल्यांचा तो भाग वाढला, नापासांचा नाही. पाठांतराने मेंदूचा आकार बदलतो, हे आमच्या बी.ए.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं.

फोन नंबरांचं मात्र मला काही वाईट वाटत नाही. दहा आकडी नंबरांशी विचाराचा काडीचा संबंध नाही, ते खुशाल मोबाइलने सांभाळावेत. घरातल्या दोघांचे तेवढे पाठ असू द्या. प्रवासात मोबाइलच हरवला, तर शेजारच्याच्या फोनवरून घरी कळवायला तेच उपयोगी पडतात.