उपदेश आणि दोर

सन २००९ च्या डिसेंबरांत ग्लासगो येथें हेरॉइन टोचून घेणाऱ्या लोकांत अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे गुरांस होणारी काळपुळी, उद्भवली. २०१० अखेर साथ ओसरेपर्यंत स्कॉटलंडांत ११९ रोग्यांची नोंद झाली व १४ जण दगावले. सरकारी अधिकाऱ्यांचा पहिला उपदेश होता : हेरॉइन ताबडतोब सोडा. मदत मागा, आणि लक्षण दिसतांच वैद्य गांठा, हें त्याच्या मागून.

हा उपदेश खोटा होता असें आमचें म्हणणें नाहीं. रोगाचे बीजाणू त्या पुडींतच होते. चमच्यांत तापवून ते मरत नाहींत आणि स्वच्छ सुई त्यांस अडवीत नाहीं. परंतु सांगितल्याबरोबर ज्याला सोडतां येतें, त्यास व्यसनी कोण म्हणेल? बुडणाऱ्यास काठावरून 'पाण्यांत राहूं नकोस' असें बजावणें खोटें नव्हे. पण तो दोर नव्हे. दोर म्हणजे मेथाडोनचा उपचार त्याच दिवशीं हातीं देणें.

कोणी म्हणतील, व्यसनाचे हे लाड कशाला? आम्ही विचारतों, वेळेवर मिळालेलें औषध व शस्त्रक्रिया ज्यास वांचवूं शकतात, तो लाजेनें घरींच राहिला, तर कोणत्या नीतीचा जय झाला? न पाळतां येणारी आज्ञा प्रथम ऐकून जो तोंड फिरवितो, त्याच्या कानीं पुढचें हितवचन पोंचत नाहीं. म्हणून पहिलें वाक्य 'या' असावें. 'सोडा' हें दवाखान्यांत आल्यावरहि सांगतां येईल.