अडलेला गृहपाठ आणि आपण मराठीवाले

दहावीचा विषय निघाला की गणित आणि इंग्रजी या दोन विषयांची नावे जोडीने घेतली जातात. मुले अडतात ती या दोन विषयांत, शिकवण्या लागतात त्या या दोन विषयांच्या, आणि निकालानंतर उसासे टाकले जातात तेही यांच्याच नावाने. मराठीचे नाव या संदर्भात कोणी काढत नाही. मराठी हा गुण वर खेचणारा विषय. त्याची मदत मागायला कोणी कोणाच्या दारात जात नाही. आपल्यापैकी अनेकांना ही वाटणी सोयीची वाटते. अडचण शेजारच्या खोलीत आहे, तेव्हा आपण आपले साठोत्तरी कवितेवरचे चर्चासत्र भरवावे.

आमचा वाद या वाटणीशी आहे. गणिताच्या आणि इंग्रजीच्या गृहपाठात मूल जिथे अडते ती जागा पुष्कळदा भाषेची असते, आणि मराठी माध्यमाच्या मुलाच्या बाबतीत ती भाषा मराठी असते. त्या जागेपाशी आज त्याला मिळते ते तयार उत्तर. उत्तराला मदत समजण्याची ही चूक क्लासवाल्यांची आहे, गाईडवाल्यांची आहे, शासनाची आहे; आणि भाषा हाच ज्यांचा व्यवसाय, ते सारे या प्रकाराकडे तटस्थपणे पाहत उभे आहेत.

विधान मोठे आहे, तेव्हा उदाहरणे द्यायला हवीत.

‘वडिलांचे आजचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा चार वर्षांनी कमी आहे.’ पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळणाऱ्या धाटणीचे हे वाक्य. मुलाचे वय क्ष मानले तर वडिलांचे वय ३क्ष − ४. या वाक्यावर अडणारी मुले ‘४ − ३क्ष’ लिहितात किंवा ‘३(क्ष − ४)’ लिहितात. या मुलांना वजाबाकी येते, कंसही सोडवता येतो. त्यांना अडवतात ते दोन प्रत्यय आणि एक शब्दयोगी अव्यय. ‘वयाच्या’ हे ‘तिपटी’चे विशेषण आहे, ‘पेक्षा’ तुलनेचा आधार सांगते आणि ‘वर्षांनी’मधली तृतीया फरक किती तो सांगते. चार हा आकडा कशातून वजा करायचा हे सांगणारी खूण त्या विभक्तीत दडलेली आहे. विभक्तीचा तक्ता पाठ करून गुण मिळवलेल्या मुलाला तो तक्ता इथे कामाला येतो, हे मराठीच्या तासाला कोणी सांगितलेले नसते. गणिताच्या तासाला ते सांगायचे असते, हे गणिताच्या शिक्षकाला कोणी सांगितलेले नसते.

भाडे दोनशे रुपयांनी वाढले, भाडे दोनशे रुपयांपर्यंत वाढले, भाडे दुप्पट झाले. या तीन वाक्यांतून तीन वेगवेगळी गणिते निघतात. मोठ्यांच्या जगात मात्र या बाबतीत आनंदच आहे. वृत्तपत्रे ‘तिपटीने घट’ असे खुशाल छापतात. एखादी गोष्ट तिपटीने घटते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न ना संपादकाला पडतो ना मुद्रितशोधकाला. अशा मराठीत वाढणारे मूल शाब्दिक उदाहरणापाशी गोंधळले, तर त्याची बुद्धी काढण्याआधी आपण आपले गद्य तपासावे.

परिभाषेचेही तसेच. ‘मसावि’ आणि ‘लसावि’ हे शब्द मुले मंत्रासारखे म्हणतात. महत्तम सामाईक विभाजक आणि लघुतम सामाईक विभाज्य ही त्यांची पूर्ण रूपे. विभाजक म्हणजे भागणारा, विभाज्य म्हणजे ज्याला भागले जाते तो. कोणता धातू, कोणता प्रत्यय, कर्ता कोण आणि कर्म कोण, एवढे कळले की या दोहोंची अदलाबदल सहसा होत नाही. हे समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात, आणि ती पाच मिनिटे व्याकरणाच्या शिक्षकाची आहेत. ती कोणी देत नाही; मग पालक म्हणतात की मराठी परिभाषा अवघड आहे, मुलाला सेमी-इंग्रजीत घाला. तिथे तो ‘एचसीएफ’ आणि ‘एलसीएम’ म्हणू लागतो. मंत्र बदलतो, अर्थाची पाटी कोरीच राहते.

आता इंग्रजी. वाक्याचा ‘व्हॉइस’ बदलण्याचा प्रश्न मुलांच्या छातीत धडकी भरवतो, आणि त्यावरचा सर्वमान्य तोडगा म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ हे समीकरण. हे समीकरण चुकीचे आहे. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने चिंच खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून मराठी व्याकरण त्याला कर्मणी प्रयोग म्हणते. याच वाक्याचे सरळ इंग्रजी भाषांतर मात्र ‘अ‍ॅक्टिव्ह’ असते. इंग्रजी ‘पॅसिव्ह’च्या जवळ जाणारी रचना ‘मुलाकडून आंबा खाल्ला गेला’ ही, जिला आपली व्याकरणे नवीन कर्मणी म्हणतात. मूल मराठीच्या तासाला एक शिकते आणि इंग्रजीच्या तासाला त्याच शब्दाखाली दुसरेच शिकते. दोन्ही शिक्षक एकाच शिक्षकखोलीत डबा खातात; या शब्दाबद्दल ते एकमेकांशी बोलत नाहीत. मुलाला वाटते आपले डोके चालत नाही. त्याचे डोके चालते म्हणूनच तर त्याला विसंगती खटकते.

उताऱ्यावरील प्रश्नांची गत याहून वाईट. प्रश्नातले दोन शब्द उताऱ्यात शोधायचे, ते जिथे सापडतील तिथून दोन ओळी उतरवायच्या, या युक्तीवर वर्षानुवर्षे गुण मिळत आले आहेत. हे वाचन नव्हे, आणि हीच मुले पुढे आमच्या वर्गांत येतात. कादंबरीवरचा प्रश्न दिला की प्रश्नातला शब्द कादंबरीत शोधतात आणि त्याच्या आजूबाजूचा मजकूर उतरवतात. त्यावर आपण शिक्षकखोलीत हळहळतो, वाचनसंस्कृतीवर परिसंवाद घेतो. त्या संस्कृतीचे बियाणे सातवीच्या गृहपाठात पेरले गेले होते, हे परिसंवादात कोणी बोलत नाही.

गणित आणि भाषा यांची ही फारकत आपल्याकडे पहिल्यापासून नव्हती. १८३२ साली ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुलांसाठी ‘बालव्याकरण’ लिहिले आणि ‘शून्यलब्धिगणित’ही लिहिले. व्याकरण आणि कलनशास्त्र एकाच लेखणीतून उतरले, कारण नवे गणित मराठीत सांगायचे तर मराठी वाक्य नव्याने घडवावे लागेल, हे त्या पिढीला उमगले होते. गिरगावाला तर हा इतिहास विसरण्याची मुभाच नाही. १८४०च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमाचा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरून होते. त्याआधी गणिताची पुस्तके मराठीत आणण्यासाठी झटलेले जॉर्ज जार्विस आणि गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. नानांना इंग्रजीचे वावडे नव्हते. एल्फिन्स्टनच्या शिक्षणाला त्यांचाच आधार होता. ज्ञान थोड्यांच्या हाती राहू नये, एवढाच त्यांचा मुद्दा होता. त्यांच्याच गिरगावात आज मराठी शाळांचे वर्ग रोडावले आहेत, आणि उरलेल्या मुलांच्या पालकांना ‘गणित तरी इंग्रजीतून करा’ असा सल्ला मराठी बोलणारेच देतात.

पूर्वी चाळींत अडलेल्या मुलाला वरच्या मजल्यावरचे मास्तर भेटत, गॅलरीत एखादा कॉलेजात जाणारा दादा भेटे, असे सांगून गहिवरण्याची एक रीत आहे. आम्हाला तो गहिवर मान्य नाही. ती मदत खरी होती, पण ती कोणत्या चाळीत, कोणत्या जातीच्या मुलाला आणि मुलाला की मुलीला, यावर अवलंबून असे. परळ-लालबागच्या गिरण्यांत काम करून रात्रशाळेत बसणाऱ्यांना असे मास्तर शेजारी मिळतच असे नाही. वरळीच्या ‘अभ्यास गल्ली’त रस्त्याच्या दिव्याखाली बसणाऱ्या मुलांचे कौतुक आपण करतो, घरात बसायला जागा नाही म्हणून ती तिथे येतात, हे त्या कौतुकात बुडून जाते. तेव्हा मागणी जुने दिवस परत आणण्याची नाही. जी मदत योगायोगाने मिळत असे, ती हक्काने मिळावी, एवढी आहे.

शासनाने काय केले? २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी मराठीच्या आधाराने कसे शिकवायचे, याचा विचार त्या मानाने झालाच नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद चर्चेत आली : दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५पेक्षा कमी पण किमान २० गुण मिळाले, तर शेरा मारून अकरावीत जाऊ द्यावे, त्या मुलाला पुढे हे विषय घेता येणार नाहीत. नापासाचा शिक्का टाळण्यामागची करुणा आम्हाला समजते. पण ही करुणा दार उघडताना आतली एक खोली कायमची बंद करते, आणि मूल का अडले हे विचारण्याची तसदी घेत नाही.

आपल्या साहित्यिक जगाची कसोटी २०१९ साली लागली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावन्न’बरोबर ‘पन्नास सात’ अशी वाचनाची पद्धत आली आणि गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे म्हणणे स्पष्ट होते. मराठी संख्यानामांत एकक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दशक आधी येतो. शिवाय जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. या उपायाशी मतभेद असू शकतात, आमच्यातही आहेत. परंतु वादात मराठीच्या सौंदर्यावर, परंपरेवर, अस्मितेवर जेवढी शाई सांडली, त्याच्या शतांशही सात वर्षांच्या मुलाच्या अडचणीवर सांडली नाही. एका गणितज्ञ बाईंनी भाषेचा प्रश्न ओळखला आणि भाषेच्या रक्षकांनी तो ओळखला नाही, ही या प्रकरणातली आमच्या दृष्टीने सर्वांत लाजिरवाणी बाब.

बाजाराला मात्र अडचण अचूक कळली. गाईडमध्ये उत्तरे असतात, अपेक्षित प्रश्नसंचात कोणता प्रश्न येईल त्याचे भाकीत असते, क्लासमध्ये रीत पाठ करून घेतली जाते. आता मोबाइलने उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यापायऱ्यांनी उत्तर हजर होते आणि इंग्रजी निबंध तर मागाल त्या लांबीचा मिळतो. या साधनांना शिव्या देण्यात आम्हाला रस नाही. मुलगा रात्री दहा वाजता अडला आणि घरात सांगणारे कोणी नसेल, तर तो हाताशी असेल त्याला विचारणारच. पण उत्तर जितके सहज मिळते तितका प्रश्न वाचण्याचा प्रसंग कमी येतो, आणि जो मुलगा प्रश्न वाचू शकत नाही त्याला मिळालेले उत्तर बरोबर की चूक हेही कळत नाही. कराराचे कलम, कर्जाचा हप्ता, औषधाची मात्रा, नोकरीची जाहिरात ही सारी शाब्दिक उदाहरणेच आहेत. तिथे मार्च महिन्याची परीक्षा नसते. तिथे थेट फसवणूक होते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला : साहित्य शिकवणाऱ्यांनी लसावित का शिरावे? आमचे उत्तर असे की, ‘संहिता’, ‘अन्वयार्थ’ हे शब्द एम. ए.च्या वर्गात वापरणाऱ्याला तीन ओळींच्या संहितेचा अन्वय लावून दाखवता येत नसेल, तर ते शब्द त्याने वापरू नयेत. दुसरा आक्षेप पालकांचा : आमच्या मुलाला गुण हवेत, तुमचे वाचन घेऊन काय करू? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ज्या मुलाला वाक्य उलगडते त्याला न पाहिलेला प्रश्नही सुटतो. ज्याला रीत पाठ असते त्याचा आकडे बदलले तरी निभाव लागतो, वाक्य बदलले की लागत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. गणिताच्या पाठ्यपुस्तकातले प्रत्येक शाब्दिक उदाहरण भाषेच्या जाणकाराच्या नजरेखालून जावे. मराठीच्या तासाला गणिताचे आणि विज्ञानाचे गद्य वाचले जावे; ललित उतारे थोडे कमी झाले तर मराठी बुडणार नाही. प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडल्याबद्दल परीक्षेत गुण असावेत. मराठी आणि इंग्रजी व्याकरणाची तुलना शिक्षकांच्या प्रशिक्षणात सक्तीची व्हावी. आणि गिरगावात ज्या मंडळांच्या अभ्यासिका आहेत, जी मंडळे दरवर्षी वह्या वाटतात आणि नव्वद टक्केवाल्यांना शाल-श्रीफळ देतात, त्यांच्याकडे महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मागावी. नियम एकच असावा : उत्तर सांगायचे नाही. मुलाने उदाहरण मोठ्याने वाचायचे, कोण, काय, कशापेक्षा, कितीने हे विचारायचे, आणि पेन्सिल त्याच्याच हातात ठेवायची.

मराठीला अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाला, त्याचे सोहळे झाले. दहावीला २० गुणांवर पुढे सोडण्याची ती तरतूदही त्याच महिन्यात चर्चेत होती. या दोन बातम्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर मराठीच्या अभ्यासकांनी या वर्षी आपली संध्याकाळ कुठे घालवावी, हे ठरवायला समिती नेमावी लागणार नाही.