बोट उडवा, बिल मात्र पास करा

बुलढाणा जिल्ह्याच्या पोटात सोनं नाही. हा सगळा दख्खनच्या काळ्या दगडाचा मुलूख. महाराष्ट्रात सोन्याचे अंश सापडतात ते पार पूर्वेला, भंडारा-नागपूरकडच्या जुन्या खडकांत. खामगावच्या चांदीचं नाव देशभर असलं तरी ती चांदीही इथल्या खाणीतली नव्हे, इथल्या कारागिरांच्या हातातली. आणि तरीही कॅलिफोर्नियातल्या थंडगार डोंगरी ओढ्यांत सोन्यासाठी जी कळ वापरली गेली, तीच कळ खडकपूर्णेच्या पाण्यावर रात्रीची धडधडते. तरंगता तराफा, वर इंजिन, इंजिनाला पंप, पंपाला तळाशी सोडलेला जाड पाइप. तिकडे त्या पाइपातून सोन्याचा कण निघावा म्हणून माणसं दिवस घालवायची. इकडे पाइपातून रेती निघते, आणि ती निघेल की नाही याची कुणाला धाकधूक नसते.

रेतीमाफियावर लिहिणं आता सोपं झालंय. शिव्या ठरलेल्या, फोटो ठरलेला, ‘प्रशासनाचं दुर्लक्ष’ हा मथळाही ठरलेला. मला त्या वाटेनं जायचं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या जिल्ह्यात सर्वांत चांगली निगा राखलेली यंत्रं चोरांची आहेत, आणि त्या निगेचा खर्च सरकारी कामांच्या बिलांतून निघतो. म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून.

देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेवर धरण झालं. त्याच्या जलाशयाला नाव दिलं संत चोखामेळा सागर, कारण याच तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं. ते कसे गेले हेही परंपरा सांगते. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरांबरोबर तेही गेले. दुसऱ्यांच्या बांधकामाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचं नाव आपण पाण्याला दिलं आणि त्याच पाण्याचा तळ दुसऱ्यांच्या बांधकामासाठी खरवडायला मोकळा सोडला. जयंतीला हार घालणाऱ्यांपैकी किती जणांच्या बंगल्याच्या स्लॅबमध्ये ही रेती आहे, ते त्यांनी आपापल्या मनाला विचारावं.

मधूनमधून कारवाई होते. महसूलचं पथक पोलिसांसह काठावर येतं, बोट सापडते, पंचनामा होतो, जिलेटिनच्या कांड्या लावून बोट उडवली जाते. पाण्याचा फवारा, काळा धूर, मोबाइलवर व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी बातमी: अमुक लाखांचा मुद्देमाल नष्ट. धरणातून पिण्याचं पाणी उचललं जातं आणि त्याच पाण्यात पत्र्याच्या चिंध्या नि डिझेल उतरलं, याची नोंद पंचनाम्यात नसते. बोटवाला कोण, हाही रकाना बऱ्याचदा ‘अज्ञात’ असतो. पत्रा, इंजिन, पाइप, पंप आणि दोन टाक्या डिझेल घेऊन एक अज्ञात इसम महिनोन्महिने रात्री धरणात वावरतो, आणि गावात एखाद्यानं मळ्यात विनापरवाना चार फांद्या तोडल्या तर त्याचं नाव, बापाचं नाव, गट नंबर सगळं संध्याकाळपर्यंत कळतं.

आता बोट म्हणजे काय ते नीट पाहा, कारण धुरामागचा खरा प्रकार तिथंच आहे. पत्रा हा तिचा सगळ्यात स्वस्त भाग. तो फाटला तर वेल्डिंगवाला ठिगळ मारतो. किंमत आहे ती इंजिन आणि पंपाला, आणि त्याहून जास्त त्यांना रोज चालतं ठेवण्याला. माझ्या विहिरीवरची मोटर स्वच्छ पाणी ओढते, तरी तिचा इंपेलर काही वर्षांनी झिजतोच. बोटीचा पंप पाण्यासोबत रेती ओढतो. रेतीचा कण धारदार असतो. तो इंपेलरची पाती कातरतो, केसिंगला आतून खड्डे पाडतो, ग्लँडमध्ये शिरून शाफ्ट खातो. ग्लँड दोरी लवकर बदलावी लागते, नाहीतर पंप हवा धरतो आणि ओढच सुटते. बेअरिंगमध्ये रेती गेली की आवाज सुरू होतो, आणि रात्रीच्या धंद्याला आवाज परवडत नाही.

तालुक्याच्या गावी एका वर्कशॉपात मी माझा पंप घेऊन गेलो होतो. टेबलावर एक इंपेलर पडला होता. पाती सुरीसारखी पातळ झालेली, एकीचं टोक तर नाहीच. मिस्त्री वेल्डिंगनं तिच्यावर थर चढवत होता, मग घासत होता, पुन्हा चढवत होता. हात इतका बसलेला, की बघत राहावं. माझ्या पंपाकडे त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. म्हणाला, ‘‘काका, तुमचं आठ दिवसांनी पाहू. तुमचं थांबू शकते, हे थांबत नाही. रातच्याला लागते.’’ गहू फुलोऱ्यावर होता. पण त्याचं बरोबर होतं: ज्याचं काम थांबत नाही आणि जो रोख देतो, त्याचा नंबर आधी. मिस्त्रीवर माझा राग नाही. तो त्या साखळीतला एकमेव माणूस असेल जो आपलं काम प्रामाणिकपणे करतो.

या निगेसमोर आता सरकारची यंत्रणा ठेवा. तलाठी हे पद सरकारनं ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. पाटी बदलली, गाडी दिली नाही, रात्रीचा जोडीदार दिला नाही, पाण्यावर जायला बोट तर नाहीच. तो आपल्या दुचाकीत आपलं पेट्रोल टाकून विनानंबरच्या टिप्परपुढे उभा राहतो. टिप्परवाल्यांची माणसं मात्र तहसीलच्या फाटकापासून रेतीघाटापर्यंत पेरलेली. साहेबांच्या गाडीला चावी लागली की ‘लोकेशन’ गेलं. घाटावर सीसीटीव्ही हवा, वाहनाला जीपीएस हवं, पासाची ऑनलाइन नोंद हवी, हे सगळं कागदावर आहे. पण कॅमेरा बंद पडला तर तो दुरुस्त करायला रातोरात मिस्त्री येत नाही. राज्याच्या यंत्राची ग्लँड दोरी कधीच कुणी बदलत नाही, म्हणून त्याची ओढ सुटलेली आहे.

आणि धोरण? 2023 साली सरकारनं जाहीर केलं की लिलाव बंद, आता शासनाच्या डेपोतून 600 रुपये ब्रास रेती मिळेल. टाळ्या झाल्या. डेपोत रेती कमी आणि अर्जदार जास्त, अशी गत झाली. एप्रिल 2025 मध्ये दुसरे मंत्री, दुसरं धोरण: डेपो बंद, पुन्हा लिलाव, घरकुलवाल्याला पाच ब्रास मोफत, आणि पुढं दगडाच्या कृत्रिम रेतीला प्रोत्साहन. दोन वर्षांत धोरणानं कूस बदलली. खडकपूर्णेतल्या बोटीनं तेवढ्या काळात फक्त इंजिनाचं ऑइल बदललं, तेही वेळेवर.

मूळ दुखणं मात्र या कुठल्याच धोरणात हाताळलेलं नाही. ही रेती जाते कुठं? रेती खाता येत नाही, तिजोरीत लपवता येत नाही. तिला जायला मोठं बांधकाम लागतं. गावोगावचे सिमेंट रस्ते, नाल्या, सभामंडप, शाळाखोल्या, पूल आणि इमारती यांचा सगळ्यात मोठा मालक कोण, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सरकारी कामाच्या अंदाजपत्रकात रेती किती लागणार ते आधीच मोजलेलं असतं. म्हणजे किती घनमीटर रेती वापरली हे सरकारला पक्कं ठाऊक असतं. ठेकेदारानं ती कुठून आणली याचे पास द्यायचे असतात. पास नसतील तर? तर स्वामित्वधनाची रक्कम बिलातून कापून घेतात, आणि बिल निघतं.

हे पुन्हा एकदा वाचा. ज्या मालाचा पास नाही तो माल चोरीचा असण्याचीच शक्यता जास्त. जमीन महसूल संहितेचं कलम 48 (7) सांगतं की विनापरवाना गौण खनिज काढलं किंवा हलवलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. हे कलम रात्री रस्त्यावर सापडलेल्या ट्रॅक्टरवाल्याला दाखवलं जातं, आणि तो बहुतेकदा हप्त्यावर ट्रॅक्टर घेतलेला, दोन खेपांच्या मजुरीवर राबणारा पोरगा असतो. तीच रेती ठेकेदाराच्या बिलात आली की तिथं ‘कपात’ हा सोवळा शब्द लागतो. सरकारच्या नदीतून चोरलेला माल सरकारच विकत घेतं आणि वर रॉयल्टी कापल्याचं समाधान मानतं. चोरीचा दागिना घेणाऱ्या सराफाला आपण आत टाकतो. चोरीची रेती घेणाऱ्या खात्याला ‘वसुलीचं उद्दिष्ट शंभर टक्के’ म्हणून शाबासकी मिळते.

यावर तयार उत्तर असतं: रेती बंद केली तर गरिबाचं घरकुल कसं होणार? गरिबाला पुढं करणं ही आपल्याकडची जुनी ढाल आहे. खरं चित्र उलटं आहे. ग्रामीण घरकुलाला केंद्राच्या योजनेतलं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. घरकुलवाल्याला पाच ब्रास मोफत रेतीचा कागद मिळतो, पण कागदावरची रेती दारात आणायला घाट चालू लागतो, वाहन लागतं, भाडं लागतं. घाट अडकलेला असला की तो त्याच टिप्परवाल्याकडे जातो आणि रात्रीच्या भावानं घेतो. ठेकेदाराला कपात झाली की सुटका; घरकुलवाल्याला सुटका नाही. ज्याच्या नावानं गळा काढला जातो तोच या बाजारात सगळ्यात महाग रेती घेतो.

दुसरी किंमत पाण्याची. ती कुणी मोजत नाही म्हणून मी मोजतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2,830 लिटर जागा. नदीतल्या रेतीच्या कणांमधली पोकळी तिसरा हिस्सा धरली तर एका ब्रासमागे 900 लिटरच्या वर पाणी मावतं. पाच ब्रासचा टिप्पर गेला की साडेचार हजार लिटरची साठवण गेली. त्यातलं सगळं पाणी विहिरीला मिळत नसेल, मान्य. पण ही साठवण दर पावसाळ्यात फुकट भरत होती, आणि ती कायमची गेली. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात, याचा अर्थ आणखी कडू आहे. तिथं बोअर खोल नेला की खारं पाणी लागतं. मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. अशा भागात नदीच्या रेतीत झिरा उकरून मिळणारं गोड पाणी हा मोठा आधार असतो. रेती गेली की झिरा गेला. मग उन्हाळ्यात टँकर. टिप्पर रेती घेऊन वर जातो, टँकर पाणी घेऊन खाली येतो, आणि दोघांचंही डिझेल शेवटी जनतेच्याच पैशानं जळतं.

‘एवढ्या मोठ्या धंद्याला कोण थांबवणार?’ असं पारावर बसून सुस्कारे टाकणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियाची गोष्ट. तिथं पाण्याच्या तोफा लावून टेकड्याच्या टेकड्या धुऊन सोनं काढायचे. गाळ नद्यांत उतरला, पात्रं भरली, खालच्या शेतांवर चिखल पसरला. शेतीवाल्या वुड्रफनं नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीवर दावा लावला आणि 7 जानेवारी 1884 ला न्यायमूर्ती सॉयर यांनी तो गाळ नदीत सोडायला मनाई केली. खाणवाल्यांकडे पैसा होता, राजकारण होतं, सोनं होतं. तरी मनाई झाली. पुढं त्याच राज्यानं 2009 साली ओढ्यांतल्या छोट्या सक्शन यंत्रांवरही बंदी आणली, मासे आणि पाणी वाचावं म्हणून. एक खाणवाला भांडत वरपर्यंत गेला. 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याची बाजू उचलून धरली. सोन्यापुढं नदी जिंकते, आणि आमच्याकडे पन्नास फुटी सभामंडपापुढं हरते.

कायदा आमच्याकडे कमी नाही. सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार खटल्यात 2012 सालीच सांगितलं की लहान घाटालाही पर्यावरण मंजुरी लागेल. 10 जून ते 30 सप्टेंबर उपसा बंद, सूर्यास्तानंतर उपसा नाही, हेही लिहिलेलं आहे. नियमांचा साठा भरपूर आहे, तुटवडा आहे तो एका सहीचा.

ती सही अशी: पास नसलेल्या रेतीचं बिल निघणार नाही. कपात नाही, तडजोड नाही. बिलच नाही, आणि पाचपट दंडाची नोटीस ठेकेदाराच्या नावे. प्रत्येक सरकारी कामाच्या फलकावर ठेकेदाराच्या नावाखाली आणखी एक ओळ रंगवा: रेती किती ब्रास, कुठल्या घाटाची, पास क्रमांक कोणते. गावातली दहावी झालेली पोरं मोबाइलवर ते पडताळून पाहतील. त्यासाठी पथक नको, गाडी नको, रात्रीचा बंदोबस्त नको. कार्यकारी अभियंत्यानं आणि गटविकास अधिकाऱ्यानं दुपारी पंख्याखाली बसून करायचं काम आहे.

हे का होत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोट उडवली की ‘अज्ञात’ इसमाचं नुकसान होतं. बिल अडवलं की ओळखीच्या माणसाचं होतं. तो फोन करतो, आणि त्याचा फोन उचलावा लागतो. म्हणून बोट उडते आणि बिल सुटतं. एकदा बिल अडवून बघा, साहेब. बोटवाला स्वतःहून इंजिन काढून भंगारात घालेल, मिस्त्री माझा पंप वेळेत देईल, आणि सरकारचा जिलेटिनचा खर्चही वाचेल.