हमीची मुदत आणि चकतीची कुरकूर

चौतीस वर्षें वर्गांत उभें राहून काढल्यामुळें माझ्या कानांस एक संवय जडून गेली आहे. फळ्याकडे तोंड असतांनाहि मागील बांकावर कोण कुजबुजतो आहे, हें मला न वळतां सांगतां येत असे. अशा कानाच्या माणसास घरांतल्याच एका यंत्राचा आवाज कळूं नये, आणि कळल्यावरहि त्यानें तो मनावर घेऊं नये, ही गोष्ट मोठी लाजिरवाणी आहे. परंतु ती घडली. आणि तींतून जो धडा मिळाला तो वाचकांपुढें ठेवणें मला कर्तव्य वाटतें.

नांदगांव पेठेंतील आमच्या घरीं माजघराच्या कोपऱ्यांत एक संगणक आहे. तीन वर्षांपूर्वीं मुलानें तो अमरावतीहून आणून दिला, तेव्हां पावतीवर तीन वर्षांची हमी लिहिलेली होती. मीं ती पावती पंचांगांत घालून ठेविली. पुढें या यंत्रांत मीं दोन गोष्टी सांठविल्या. पहिली म्हणजे वऱ्हाडी शब्दांचा संग्रह. विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द मी नोकरीभर वह्यांत टिपून ठेवीत असें. ते निवृत्तीनंतर संगणकावर उतरविले. दुसरी गोष्ट माझ्या पत्नीच्या आवाजाची. तिला जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या आणि सणावारांच्या कहाण्या पुष्कळ येत. ती गेली त्याच्या आदल्या वर्षीं नातीनें सुटींत तिला समोर बसवून त्यांतील एकेचाळीस फोनवर मुद्रित करून घेतल्या. फोन बदलला तेव्हां त्या संगणकांत आल्या आणि फोनांतून गेल्या. म्हणजे जगांत त्यांची प्रत एकच उरली, हें त्या वेळीं कोणाच्याहि ध्यानांत आलें नाहीं.

गेल्या वैशाखांत, ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरांत गेलें असतां, यंत्रांतून मधून मधून ‘टक् टक्’ असा आवाज येऊं लागला. उन्हाळ्यामुळें पंखा कुरकुरत असेल, असें म्हणून मी स्वस्थ बसलों. आवाज वाढला तेव्हां पावती काढून पाहिली, तों हमीची मुदत संपून बारा दिवस झाले होते; आणि आवाज सुरू होऊन वीस. म्हणजे आठ दिवस मजपाशीं हक्क होता, परंतु ऐकण्याची इच्छा नव्हती.

दुकानदारानें अर्थातच तारखेकडे बोट दाखविलें. मीं वाद घातला, मुलास फोनवरून मध्यें घातलें, दोन सविस्तर पत्रें लिहिलीं. या खटाटोपांत आणखी एक आठवडा गेला. आणि यंत्र घरीं रोज चालूच होतें, कारण तीं पत्रें मी त्याच्यावरच लिहीत होतों!

अशांत माझा एक जुना विद्यार्थी सहज भेटीस आला. तो येथील औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत संगणकांची देखभाल करतो. आवाज कानीं पडतांच त्यानें चहाचा कप खालीं ठेविला आणि म्हणाला, “गुरुजी, हे बंद करा पह्यले. वॉरंटीचं मंग पाहू. आंदी आतलं काढा लागते.” मीं हमीची कथा सुरू केली, तेव्हां तो म्हणाला, “वॉरंटी असती तं त्याइनं नवी डिस्क देल्ली असती, गुरुजी. काकूंचा आवाज थोडीच देल्ला असता!”

मी एकदम गप्प झालों. आपल्याकडे ‘योगक्षेम’ असा एक जोडशब्द आहे. नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हें क्षेम. दुकानदाराची हमी पहिल्याची असते. दुसऱ्याची ती कोणीच देत नाहीं. वस्तु बिघडली तर वस्तु बदलून मिळेल, परंतु तींत सांठविलेल्या मजकुराची जबाबदारी हमीपत्रांत सामान्यतः स्पष्टपणें नाकारलेली असते. पेटी नवी मिळते, पेटींतील दागिने मिळत नाहींत. हें कलम मीं तीन वर्षांत एकदांहि वाचलें नव्हतें. तें वाचलें असतें तर ती बारा दिवसांची चुटपूट मला एवढी लागती ना.

आतां हा आवाज होतो कसा, हें थोडक्यांत पाहूं. हार्ड डिस्क म्हणजे लोहचुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत चकत्यांचा संच. १९५६ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें असें पहिलें यंत्र विक्रीस काढलें, तेव्हां चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या मिळून केवळ पन्नास लाख अक्षरें मावत. आजची डिस्क तळहातावर राहते. टेबलावरील संगणकांत तिची चकती बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते; म्हणजे सेकंदाला एकशेवीस. चकतीच्या कडेचा वेग त्या हिशेबानें ताशीं सव्वाशे किलोमीटरांहून अधिक भरतो. वाचणारें टोक या चकतीस टेकत नाहीं. फिरण्यानें उत्पन्न झालेल्या हवेच्या पातळ थरावर तें अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगतें. माणसाचा केस या फटीच्या हजारों पट जाड असतो. इतक्या सूक्ष्म व्यवस्थेंत वीज एकाएकीं जाणें, धक्का बसणें, अतिशय उष्णता होणें, या गोष्टी सोसवत नाहींत. आमच्या गांवाशेजारीं १३५० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. तरी वळवाचा वारा सुटला कीं गांवांतील दिवे जातातच. म्हणून संगणकाला यूपीएसची जोड असणें, ही वऱ्हाडांत चैन समजूं नये.

सर्वच आवाज वाईट नव्हेत, हेंहि सांगितलें पाहिजे. मंद, एकसारखी घरघर आणि वाचतांना-लिहितांना होणारी बारीक करकर स्वाभाविक आहे. पंख्यांत धूळ बसली किंवा डिस्कचे स्क्रू सैल झाले, तर सगळी पेटीच गुणगुणते. हा दोष फडक्यानें व पेंचकसानें जातो. परंतु आवाज शिट्टीसारखा चढत जाऊं लागला, तर तो फिरणाऱ्या आंसाच्या बेअरिंगचा समजावा. बैलगाडीचें वंगण आटलें म्हणजे आंस कसा बोलूं लागतो, हें खेड्यांतील माणसास सांगावयास नको. ठराविक अंतरानें ‘टक् टक्’ असें होत असेल, तर वाचणाऱ्या टोकास आपली जागा सांपडत नाहीं, तें परत जाऊन पुनः पुनः प्रयत्न करीत आहे, असें समजावें. आणि खरवडल्यासारखा आवाज आला, तर टोक चकतीस घासत आहे. त्या क्षणीं वीज तोडावी. प्रत्येक फेऱ्यागणिक अक्षरें खरवडून जात असतात.

येथें न्यायशास्त्र शिकलेल्या माणसास एक मोह होतो. धूर दिसला कीं अग्नीचें अनुमान करावें, हें ठीक; पण धूर नाहीं म्हणून अग्नि नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. डिस्क शांत आहे म्हणून ती निरोगी आहे, हें अनुमान तसेंच फसवें. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची एक रोजनिशी आपल्यांतच ठेवीत असते. किती तास चाललों, किती जागा नादुरुस्त म्हणून वगळल्या, अशा नोंदी तींत असतात, आणि ती वाचण्याचीं साधनें फुकट मिळतात. ती अवश्य पाहावी. परंतु २००७ सालीं गूगलच्या संशोधकांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली, तींत बंद पडलेल्या डिस्कांपैकीं शेंकडा ३६ हून अधिकांच्या रोजनिशींत, उष्णमान सोडलें तर, पूर्वसूचना म्हणून कांहींच आढळलें नव्हतें. हल्लींच्या एसएसडींत तर फिरणारा भागच नसल्यामुळें आवाज मुळींच नसतो; पण तीहि बिघडते, आणि पुष्कळदां न बोलतांच बिघडते. तेव्हां जी डिस्क कुरकुरते ती आपल्यावर एका अर्थीं उपकारच करते.

मग करावें काय? डिस्क बोलूं लागली कीं प्रथम वाद नव्हे, प्रत. अत्यंत मोलाचें तें आधीं दुसरीकडे उतरवावें, बाकीचें मागाहून. दुरुस्तीचे म्हणून मिळणारे कार्यक्रम त्या डिस्कवर चालवूं नयेत. त्यांनीं आजाऱ्यास पळावयास लावल्यासारखें होतें. जाणत्याकडून संपूर्ण डिस्कची प्रतिकृति करवून घ्यावी. डीडीरेस्क्यू नांवाचें एक मोफत साधन आधीं सुस्थितींतील भाग उतरवून घेतें आणि अवघड जागांकडे शेवटीं वळतें, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. डिस्क उघडून पाहूं नये; हवेंतील धुळीचा एक कणहि त्या फटीपुढें धोंड्याएवढा आहे. ती शीतपेटींत ठेवण्याचा एक उपाय पुष्कळ जण सांगतात. त्यानें आंत दंव धरतें आणि उरलेली आशाहि जाते. आंतील मजकूर अमोल असेल आणि आवाज खरवडण्याचा असेल, तर स्वतः कांहींएक न करतां निर्धूळ कक्ष असलेल्या तज्ज्ञांकडे डिस्क पाठवावी. त्यास हजारों रुपये लागतात आणि यशाची हमी तेहि देत नाहींत.

हमीविषयींहि दोन शब्द. दुकानाची मुदत आणि डिस्क बनविणाऱ्या कंपनीची मुदत कधीं कधीं वेगवेगळी असते. डिस्कवरील क्रमांक कंपनीस कळवून विचारणा करावी. दोष मुदतीच्या आंत दिसला, तर तो त्याच दिवशीं लेखी कळवून पोंच घ्यावी. मीं केली ती चूक करूं नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला आहे. त्याप्रमाणें तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातां येतें, आणि पांच लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या व्यवहारास तेथें फी नाहीं. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्लाहि मिळतो. मात्र कागद हातीं नसेल, तर कायदा तरी काय करणार?

हें सर्व लिहितांना मला आमच्याच जिल्ह्यांतील रिद्धपूरची आठवण होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं ठिकठिकाणीं हिंडून, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांस विचारून, चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. महानुभाव परंपरा सांगते कीं, पुढें खिलजींच्या स्वारीच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली. तेव्हां ज्यांस ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणावरून ती पुनः लिहिण्यांत आली. म्हणूनच तिचे निरनिराळे पाठ आज आढळतात. ग्रंथ वांचला, तो ताडपत्राच्या किंवा कागदाच्या बळावर नव्हे, तर एकाहून अधिक ठिकाणीं वसत होता म्हणून. वेदांचें संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं पठण ठरविणाऱ्यांनींहि हेंच ओळखलें होतें: एका पाठांत चूक शिरली तर दुसरा ती दाखवून देतो. आजचे तज्ज्ञ सांगतात कीं, मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. मला यांत नवें कांहींच दिसत नाहीं.

आणखी एक गोष्ट अनुभवानें कळली. नुसती प्रत पुरत नाहीं. ती वाचतांहि आली पाहिजे. माझ्या शब्दसंग्रहाचा आरंभींचा भाग मीं शाळेंतील संगणकावर जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिला होता. तो टंक नसलेल्या यंत्रावर मराठी अक्षरांऐवजीं चिन्हांचा काला दिसतो. ज्यांच्याजवळ असें जुनें लिखाण असेल, त्यांनीं तें युनिकोडमध्यें उतरवून घ्यावें. सुदैवानें माझ्या वह्या कपाटांत होत्या. दोन महिने बसून तो भाग मीं पुनः लिहिला.

आवाजाच्या वह्या मात्र नव्हत्या. विद्यार्थ्यानें दोन रात्री जागून डिस्कची प्रतिकृति केली. एकेचाळिसांपैकीं चौतीस मुद्रणें धड निघालीं. सात गेलीं, त्यांतील एक कहाणी तर अर्ध्या वाक्यावर थांबते. त्या सातांपैकीं तीन ओव्या माझ्या धाकट्या बहिणीस येत होत्या. माहेरीं आली असतां भावजयीकडूनच ती त्या शिकली होती. तिला बोलावून त्या मुद्रित करून घेतल्या. शब्द आले, चाल आली. आवाज आला नाहीं. उरलेल्या चौघांबद्दल मी कोणासहि दोष देऊं शकत नाहीं. यंत्रानें वीस दिवस आधीं सांगितलें होतें, आणि मी तारीख पाहात बसलों होतों.

आतां एक प्रत माझ्याजवळ आहे, एक नातीकडे पुण्यास, आणि एक बहिणीच्या घरीं. जुनी डिस्क विद्यार्थ्यानें आंतील चकत्या निकामी करून ई-कचरा गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन केली. हमीची पावती अजून पंचांगांत आहे. ती काढून टाकावी असें मनांत येतें, पण ठेवितों. वाचकांस एवढीच विनंति कीं, हा अंक खालीं ठेवल्यावर, आपल्या घरांत ज्याची प्रत एकच आहे असें काय काय आहे, याची एक यादी करावी. ती लहानच निघेल. ती पुरी होईपर्यंत संगणकाचा आवाज ऐकण्याची वाट पाहूं नये.