विश्लेषण : कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण वर्गात हवे की मोबाइलवर?

शेवगाव तालुक्यातील शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांना अधूनमधून प्रशिक्षणाचे पत्र येतेच. कधी ते सभागृहात होते, कधी मोबाइलवर. कोणते कुठे घ्यायचे, हे बहुतेकदा खर्च आणि सोय पाहून ठरते. ते कामाचे स्वरूप पाहून ठरायला हवे.

ऑनलाइनकडे ओढा का वाढला?

केंद्र सरकारने शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ हा उपक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केला, तो प्रत्यक्ष वर्गांतून. सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. करोनात वर्ग थांबले आणि ऑक्टोबर २०२० पासून त्याचे १८ घटक ‘दीक्षा’वर आले. त्याच्या महिनाभर आधी, २ सप्टेंबर रोजी, ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी मिळाली. त्यातील ‘आयगॉट’ व्यासपीठावर आता सरकारी कर्मचारी अभ्यासक्रम पूर्ण करतात.

त्याचा फायदा कोणता?

अंतर वाचते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था संगमनेरला आहे. शेवगावहून शंभर किलोमीटरहून लांब. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला, की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. शिवाय राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा उतरंडीने येणारे प्रशिक्षण शेवटच्या माणसापर्यंत पातळ होते. ध्वनिचित्रफीत मात्र मुंबईत आणि बोधेगावात सारखीच दिसते. नवा नियम, बदललेला नमुना, योजनेचे निकष अशा माहितीसाठी दिवसभराचा वर्ग भरवण्याची गरज नाही.

मग अडते कुठे?

हाताने करायच्या कामात. निवडणुकीचे उदाहरण घ्या. मतदान केंद्राध्यक्षाला यंत्राची जोडणी करून किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घ्यावे लागते आणि ती मते न विसरता पुसावी लागतात. हे नुसते पाहून जमत नाही. यंत्र हाताळावे लागते. दोन वर्षांखालील बाळाची लांबी मोजताना त्याला आडवे झोपवून दोघींनी धरावे लागते. माप चुकले तर खुजेपणाची नोंदही चुकते आणि पोषणाची गरज असलेले मूल यादीबाहेर राहू शकते. शिकणाऱ्याचा हात चुकतोय, हे समोरचा प्रशिक्षकच सांगू शकतो.

प्रमाणपत्राचा प्रश्न काय?

शिक्षकांना १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड वेतनश्रेणी मिळते. त्यासाठी प्रशिक्षणाची अट आहे. राज्याने हे प्रशिक्षण २०२२ मध्ये ऑनलाइन घेतले, तर जून २०२५ मध्ये प्रत्यक्ष वर्ग भरवले. पगार प्रमाणपत्राला बांधला, की शिकणे मागे पडते. मोबाइलवर चित्रफीत सुरू ठेवून घरकाम उरकता येते. वर्गातही सकाळी सही करून मागच्या बाकावर डुलकी घेता येते. म्हणजे दोष केवळ माध्यमाचा नाही, हजेरीलाच शिक्षण मानण्याचा आहे.

निवड कशी करावी?

माहिती मोबाइलवर द्यावी आणि कौशल्य वर्गात शिकवावे. दोन्ही लागत असेल, तर आधी चित्रफीत दाखवावी आणि वर्गाचा वेळ फक्त सराव व शंकांसाठी ठेवावा. हा वर्ग केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीत भरावा. ऑनलाइन प्रशिक्षणाला कामाच्या वेळेत जागा द्यावी. आज अनेक जण ते रात्री, स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा डेटा वापरून उरकतात. वर्गाला गेलेल्याचा दिवस कामाचा धरला जातो, मग ऑनलाइन शिकणाऱ्याचे तास का नाहीत? ऑनलाइन प्रशिक्षण स्वस्त वाटते, कारण त्याचा बराचसा खर्च कर्मचाऱ्याच्या खिशातून आणि झोपेतून जातो. तो हिशेबात धरला, तरच दोन्ही पद्धतींची तुलना खरी ठरेल.